दोणिमलै: खाणीच्या टाऊनशिपमधली वर्षं

निंबोणी

परवा इथे एकाने विचारलं होतं की दक्षिणेतल्या एका आडगावच्या कंपनीत नोकरी आलीय, कॉलनीत घर मिळतंय, बायकामुलांना न्यावं का. उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं पसरलं की नवा धागाच काढला.

मी लग्न होऊन सोलापूरहून दोणिमलैला गेले, १९८० च्या दशकाच्या शेवटी. नाव ऐकलं नसेल तर बिघडत नाही. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील नकाशात शोधून दमले आणि शेवटी रेल्वेतल्या एका मित्राला विचारून आले. कर्नाटकातला बळ्ळारी जिल्हा, संडूर तालुका, लोहखनिजाची खाण. केंद्र सरकारच्या एनएमडीसी या खाणकंपनीने १९७७ मध्ये ती सुरू केली. खनिज रेल्वेने मद्रास बंदरात आणि तिथून जहाजाने जपानला जायचं. आम्ही मात्र गुंतकलला गाडी बदलून बळ्ळारी आणि पुढे बसने, ट्रंकेवर बसून.

बळ्ळारी म्हणजे सपाट काळी जमीन, उघडे दगडी डोंगर आणि अंग भाजणारं ऊन. संडूरचं खोरं मात्र चहूबाजूंनी डोंगरांत बंद आहे. नारिहळ्ळ नावाच्या ओढ्याने डोंगर कापून ओबळगंडी आणि भीमगंडी अशा दोन खिंडी केल्यात, त्यातून आत शिरलं की पावसाळ्यात अगदी सह्याद्रीत आल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात काही विचारू नका.

क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात आधीच्या कुटुंबाने लावलेला शेवगा. कोण कुठल्या टाईपच्या क्वार्टरमध्ये राहतं त्यावरून ग्रेड कळायचा आणि ग्रेडवरून पगार, त्यामुळे पगार विचारायची वेळच कुणावर येत नसे. पाणी, वीज, दवाखाना, केंद्रीय विद्यालय सगळं दारात. भाजी मात्र संडूरच्या बाजारातून. शेजार कसा? डावीकडे तेलुगू, उजवीकडे कन्नड, मागच्या ओळीत एक बिहारी आणि एक मल्याळी. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. संक्रांतीचं हळदीकुंकू करायला लागले तेव्हा शेजारणीला वाण म्हणजे काय ते कळेना. दोन वर्षांनी तीच मला 'यंदा काय लुटणार' म्हणून डिसेंबरातच विचारायला लागली. दसऱ्याला मी तिच्याकडे बाहुल्यांचा कोलुवू मांडायला जायची.

धुळीबद्दल लिहिलं नाही तर तिथे राहिलेलं कुणी मला माफ करणार नाही. लाल, मऊ आणि जड. जड म्हणजे खरोखरच जड, लोखंडच ते. दोरीवरचे कपडे, पापड, तुळशीची पानं, बाळाची दुपटी, सगळ्यावर गेरू. सासरे आले की त्यांचं धोतर दोन दिवसांत भगवं व्हायचं आणि ते म्हणायचे, मला न विचारताच संन्यास दिला. कुरडया घालायच्या तर वर जुनी नायलॉनची साडी ताणून बांधायची आणि चार कोपऱ्यांना विटा ठेवायच्या. ही युक्ती मला एका आंध्रच्या बाईने शिकवली.

दुपारी ब्लास्टिंगचा भोंगा व्हायचा. थोड्या वेळाने पायाखालून एक हुंकार यायचा आणि कपाटातले काचेचे पेले किणकिणायचे. नवी बाई दचकली की जुन्या हसायच्या. महिन्याभरात तीही पेले एकमेकांपासून बोटभर लांब मांडायला शिकायची.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आयुधपूजेचा. दिवाळीपेक्षाही मोठा म्हणा. त्या दिवशी घरच्यांना वर खाणीत नेत. घराएवढे डंपर धुऊन पुसून ओळीत उभे, पुढे केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, काचेवर हळदीकुंकवाचे पट्टे. कोहळा कापून आत कुंकू भरायचं आणि तो डंपरवरून ओवाळून आपटायचा. मग माणसाच्या उंचीहून मोठ्या चाकाखाली एकेक लिंबू. ड्रायव्हर वर चढून बसायचा आणि ते प्रचंड धूड इंचभर पुढे घ्यायचा, लिंबू चिरडण्यापुरतं. सगळे टाळ्या वाजवायचे. माझा मुलगा लहान असताना त्याला वाटायचं डंपर लिंबू पिऊन चालतो.

आता मुद्द्याचं. या गावात एक गोष्ट विचित्र होती, ती मला बऱ्याच उशिरा जाणवली. तिथे म्हातारी माणसं नव्हती. साठीच्या वरचं कुणी दिसलं तर ते कुणाचे तरी सुट्टीला आलेले आईवडील. माणूस निवृत्त झाला की क्वार्टर सोडायचं आणि आपापल्या गावी जायचं. त्यामुळे पारावर बसून 'आमच्या वेळी' म्हणणारं कुणी नाही, भाऊबंदकी नाही, जमिनीचं भांडण नाही. सासूच्या डोळ्यांखाली राहायचं नाही म्हणून आम्ही तरण्या बायका खूश होतो. पण बाळंतपणात नाळेला काय लावायचं हे सांगायलाही कुणी नव्हतं, ते आम्ही एकमेकींनाच विचारून ठरवायचो आणि पाच भाषांत पाच उत्तरं यायची. शेवटी नर्स ओरडायची.

आम्ही निघालो त्यानंतर काही वर्षांनी खाणच थांबली. ३ नोव्हेंबर २०१८ ला लीज संपलं. राज्य सरकारने नूतनीकरणासाठी ८० टक्के प्रीमियमची, म्हणजे खनिजाच्या विक्रीमूल्यातला तेवढा वाटा सरकारला देण्याची, अट घातली, कंपनीने काम थांबवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये, साडेबावीस टक्क्यांवर तडजोड झाल्यावर, पुन्हा सुरू झालं. मधली सव्वादोन वर्षं जुन्या शेजारणींचे फोन यायचे. डोंगरात खनिज होतं, यंत्रं होती, माणसं होती. सगळं गाव एका कागदावर उभं होतं, हे आम्हाला इतकी वर्षं राहूनही कधी सुचलं नव्हतं.

तर त्या भावाला उत्तर: न्या, खुशाल न्या. पण गावाकडचं घर मोडू नका.

बचेलीकर

वा! अगदी घरचं वाचतोय असं वाटलं. माझं बालपण बैलाडिलाला गेलं, एनएमडीसीच्याच बस्तरमधल्या खाणीवर, बचेलीला. तिथून दोणिमलैला बदली झालेली कितीतरी कुटुंबं आमच्या ओळखीची. बस्तरच्या जंगलातून बळ्ळारीच्या उन्हात गेलेल्या काकू पत्रात लिहायच्या की इथे झाडं मोजता येतात.

म्हाताऱ्यांचा मुद्दा एकदम पटला. आमच्याकडे स्मशान होतं पण तिकडे कुणी जाताना मी पाहिलं नाही. पहिली तिरडी मी कॉलेजला नागपूरला आल्यावर पाहिली, आणि माझ्या रूममेटला ते खरं वाटेना.

तिरकस

लेख छान आहे, पण फार गोड आहे. गेटच्या आतला आहे म्हणून. २००३ ते २००८ मध्ये चीनची मागणी वाढली तेव्हा मी होस्पेटला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात होतो. आधी बारीक खनिजाला, म्हणजे फाइन्सना, कुणी विचारत नव्हतं, डोंगराच्या कडेला ढीग पडून असायचे. त्याच ढिगांना एकाएकी सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी ज्वारी-शेंगा सोडून वावरं खणायला दिली, कारण वरच्या थरातच खनिजाचे गोटे. बायकापोरं हातोडीने गोटे फोडत बसलेली मी पाहिलीत. संडूर-होस्पेट रस्त्यावर ट्रकांची रांग इतकी की रात्री ड्रायव्हर स्टीअरिंगवर डोकं टेकून झोपायचे आणि मागचा हॉर्न वाजला की दहा फूट पुढे सरकायचे. शेतातला कापूस लाल, बैल लाल, शाळेत जाणारी पोरं लाल.

मग बेकायदा खाणकामावरचा लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आणि २९ जुलै २०११ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश, बळ्ळारीतलं खाणकाम बंद. आठवड्याभरात रस्ता मोकळा. माझे तीन ट्रक बँकेच्या हप्त्यांसकट दारात. तुमच्या सरकारी कंपनीला कोर्टाने महिन्याला दहा लाख टन काढायची मुभा दिली होती, म्हणून तुमच्या कॉलनीला २०११ जाणवलं नाही. बाहेरच्यांना जाणवलं.

निंबोणी

तिरकस, तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे आणि ते मी लिहिणं शक्यही नव्हतं, कारण आम्ही तो रस्ता बसच्या काचेतून बघत होतो. एक मात्र सांगते. आमच्याकडे कामाला येणारी बाई जवळच्या तांड्यावरची होती. त्या तेजीत तिने काम सोडलं, नवऱ्याने जुना टिप्पर घेतला. बंदीनंतर ती पुन्हा आली, तेव्हा टिप्परबद्दल मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

फावडं

पहिल्यांदाच लिहितोय. गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. उत्तर कर्नाटकातली सिमेंटची कॉलनी, आमचे वडील लातूरकडून तिथे गेलेले, कंत्राटी कामगार. म्हणजे कॉलनीच्या भिंतीला लागून जी पत्र्यांची वस्ती असते ना, तिथे आम्ही.

भिंत कमरेएवढीच होती. कॉलनीतल्या पोरांबरोबर आम्ही क्रिकेट खेळायचो. संध्याकाळी सातला त्यांच्या बागेतले दिवे लागायचे, आमच्याकडे चिमणी. दवाखान्यात कार्ड लागायचं, आमच्याकडे कार्ड नव्हतं. आईला ताप भरला तेव्हा वडील तिला सायकलवर बसवून तालुक्याला घेऊन गेले, दवाखाना समोर असताना. कंपाउंडर ओळखीचा होता, त्याने गुपचूप गोळ्या दिल्या, त्याचे उपकार आहेत.

निंबोणीताई, तुमच्यावर टीका नाही हं. तुम्ही शेवगा लिहिलात, म्हणून आठवलं. कॉलनीतल्या शेवग्याच्या शेंगा आमच्या बाजूला लोंबायच्या आणि त्या कुणाच्या यावर वॉचमन निकाल द्यायचा. बहुतेक वेळा आमच्या बाजूने.

चाफेकळी

फावडं, लिहीत राहा. +१०००

संडूरकर

इथे मी येणं भागच होतं.

टाऊनशिपच्या लोकांना वाटतं संडूरचा इतिहास १९७७ ला सुरू होतो. आमचं घराणं तिथे अठराव्या शतकापासून आहे. संडूर हे घोरपड्यांचं संस्थान, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या कुळातलं. मद्रास इलाख्याच्या मधोमध एक मराठी संस्थान, चारी बाजूंनी कन्नड-तेलुगू मुलूख. १९४९ ला ते मद्रास प्रांतात विलीन झालं आणि १९५३ मध्ये बळ्ळारीबरोबर म्हैसूरकडे आलं. त्रावणकोरच्या १९३६ च्या मंदिरप्रवेशाच्या घोषणेची सगळीकडे वाहवा होते, पण संडूरने देवळं हरिजनांना त्याआधीच उघडली होती आणि गांधीजी संडूरला येऊन गेले होते.

खाणीही आमच्याकडे आधीपासून. संडूर मँगनीज कंपनी १९५४ ची, घोरपडे घराण्यानेच काढलेली, तिची देवगिरीची वसाहत तुमच्या टाऊनशिपच्या कितीतरी आधीची. एम. वाय. घोरपडे १९७२ ते १९७७ कर्नाटकचे अर्थमंत्री होते, आणि वन्यजीवांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रं बघा मिळाली तर. खाणमालक घराण्यातला माणूस जंगलात कॅमेरा घेऊन तासन्‌तास बसतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

घरात आम्ही मराठी बोलतो. पुण्याची सून आली तेव्हा तिला पहिले सहा महिने वाटत होतं आम्ही तिची चेष्टा करतोय. हेल कन्नड, निम्मी क्रियापदं तिसरीच. तिची मुलं आता तशीच बोलतात.

निंबोणीताई, 'म्हातारी माणसं नव्हती' म्हणता. होती की. गेटच्या बाहेर, संडूरच्या बाजारात, तुम्हाला भाजी विकत होती. :)

निंबोणी

हा वार बरोबर बसला, संडूरकर. बाजारातल्या त्या मोडक्या मराठीत 'घ्या की वैनी' म्हणणाऱ्या आजी मला चांगल्या आठवतात. पावशेर वांग्यांवर दोन जास्तीची टाकायच्या, सोलापूरचं माहेर आहे कळल्यापासून.

कोलारचा_पाहुणा

जरा वेगळी बाजू. माझी आजी कोलार गोल्ड फील्ड्सची. तिथे नेमकी उलटी गोष्ट. केजीएफ इतकी जुनी की तिथे चार-चार पिढ्या झाल्या. शिवनसमुद्रमहून १९०२ मध्ये तिथे वीज आली, बंगळूरच्याही आधी. तीन किलोमीटरहून खोल खाण. आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद. पण लोक गेलेच नाहीत! जायचं कुठे? मूळ गाव तामिळनाडूत, तिथे आता कुणी ओळखत नाही. रोज पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात, रात्री परत त्याच चाळीत. सायनाईडच्या गाळाचे डोंगर अजून उभे आहेत, उन्हाळ्यात वारा सुटला की ती पूड घरात.

म्हणजे म्हातारी माणसं असलेली टाऊनशिप हवी असेल तर ती अशी असते.

गोलघुमट

आणि कुद्रेमुख, ती पश्चिम घाटातली लोहखनिजाची खाण? तिथे बंद झाल्यावर कुणी उरलंच नाही जवळपास. १९७६ ची कंपनी, इराणच्या शहाच्या पैशांवर उभी राहायची होती, तिकडे क्रांती झाली आणि गिऱ्हाईकच गेलं. मग दुसरी गिऱ्हाइकं शोधली. खनिजाचा राडा ६७ किलोमीटरच्या पाइपातून मंगळूरला जायचा. भद्रेचा उगम तिथलाच, भोवती राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस खाणकाम थांबलं. मी त्यानंतर गेलो होतो. क्वार्टरच्या छपरांवर शेवाळं, भिंतीतून पिंपळ. त्या पावसात दुसरं काय होणार. एका रिकाम्या घराच्या दारावर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, वर्षं लिहिलेल्या.

तिरकस

पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर कुद्रेमुख बंद झालं हे उत्तमच. जंगलाला टाऊनशिपची गरज नव्हती.

बचेलीकर

तिरकसराव, तुम्हाला ट्रकांचं दुःखही आहे आणि बंदीचा आनंदही. एक काहीतरी ठरवा. :)

तिरकस

दोन्ही आहे. बळ्ळारीत धंदा केलेल्या बहुतेकांना दोन्हीच असतं.

चाफेकळी

एक प्रश्न, टाऊनशिपमध्ये वाढलेल्यांना. फॉर्मवर 'मूळ गाव' काय लिहिता?

बचेलीकर

वडिलांचं. वर्ध्याजवळचं एक खेडं, जिथे मी सलग आठ दिवस कधी राहिलो नाही. बायको विचारते तुझं गाव कुठलं, तर तोंडात बचेली येतं, पण तिथे आता आम्हाला राहायला गेस्ट हाऊसची परवानगी काढावी लागते. आमच्या बॅचचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यात तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी सगळे. भाषा आमची हिंदीच, पण तिसऱ्याला कळणार नाही अशी. तेच गाव समजायचं.

निंबोणी

माझा मुलगा दोणिमलै लिहितो. पासपोर्टच्या माणसाने दोनदा स्पेलिंग विचारलं.

प्रवासी_पक्षी

धागा भारी! हम्पीला जातोय ऑगस्टअखेर. संडूरला जावं का? टाऊनशिप आतून बघता येते का?

संडूरकर

जरूर या, ऑगस्ट-सप्टेंबरच योग्य. टाऊनशिपसाठी आत ओळखीचं कुणी असेल तर बरं, खाणीत वर परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ओळख नसेल तर नाद सोडा, बाहेर भरपूर आहे. होस्पेटहून बस मिळते. कुमारस्वामीचं आणि पार्वतीचं देऊळ बघा, जुनी चालुक्य-राष्ट्रकूट काळातली घडण आहे. नारिहळ्ळाचं धरण बघा. रामगडला, म्हणजे इंग्रजांच्या रामणदुर्गला जा, एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिपायांना हवापालटाला पाठवायचे तिथे, उंची साधारण हजार मीटर. आणि संडूर कुशल कला केंद्रात लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकाम बघितल्याशिवाय जाऊ नका. जीआय मानांकन आहे त्याला. २०२३ मध्ये हम्पीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा याच कलेच्या १७५५ नमुन्यांचं प्रदर्शन मांडून गिनीजमध्ये नोंद झाली. तिरकसांनी सांगितलेल्या गोटे फोडणाऱ्या बायकांच्या तांड्यांवरच हे काम चालतं. पांढरा शर्ट घालून येऊ नका, एवढं सांगून ठेवतो.

प्रवासी_पक्षी

धन्यवाद! आणि खायला?

निंबोणी

वग्गराणी आणि मिरची भजी, डोळे मिटून. सोलापूर-मराठवाड्याकडच्यांना सांगायचं तर आपली सुशीलाच, पण तिकडे वरून डाळ्याचं पीठ भुरभुरतात. घरी करायची असेल तर चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच मुठीत घट्ट पिळायचे, जास्त भिजले तर लगदा होतो. कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद, शेंगदाणे यांची फोडणी, त्यात चुरमुरे, मीठ, लिंबू. डाळ्याचं पीठ गॅस बंद केल्यावर. भजीच्या मिरचीच्या पोटात ओवा आणि चिंच भरायची.

संडूरकर

लिंबू की टोमॅटो यावर वेगळा धागा काढावा लागेल. आमच्याकडे टोमॅटो.

फावडं

लिंबू.